जुन्या जखमेची खूणसुद्धा नाही

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली नर्स अरुणा शानबाग, तिची केस बहुतेकांना थोडीफार माहीत असते, निदान चाळिशीच्या पुढच्यांना तरी, आणि माहीत असते म्हणजे दोन गोष्टी माहीत असतात, तिच्यावर काय अत्याचार झाला ते आणि मग तो इच्छामरणाचा खटला. मला या दोन्हींबद्दल फार लिहायचं नाहीये. मला एका ओळीबद्दल लिहायचंय. सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात तिला तपासणाऱ्या डॉक्टरांचा रिपोर्ट दिलाय, त्यात नाडी, बीपी, श्वास असं सगळं नेहमीचं लिहीत लिहीत ते त्वचेवर येतात आणि म्हणतात की त्वचा एकंदर चांगली आहे, बेडसोर म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा नाहीत, मुक्या माराच्या खुणा नाहीत, आणि आधी कधी होऊन भरून आलेल्या बेडसोरच्या खुणाही नाहीत.

बस, एवढंच. लगेच पुढे ते डिहायड्रेशन वगैरेकडे वळतात.

ज्यांच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं त्यांनी ही ओळ सावकाश वाचून बघा. तो रिपोर्ट लिहिला तेव्हा अरुणाला पलंगावर पडून सदतीस वर्षं झाली होती.

माझी आजी हॉस्पिटलात नेईपर्यंत घरी फक्त अकरा दिवस पडून होती. मोरीत पाय घसरला, खुबा मोडला, शुगर आणि हार्ट दोन्ही असल्याने ऑपरेशन करायचं की नाही यावर डॉक्टरांचं ठरेना, तोवर घरीच ठेवली. घरात आम्ही पाच माणसं, सगळी तिच्यावर जीव टाकणारी, पावडर लावतोय, चादर बदलतोय, गार पाण्याने अंग पुसतोय, आई तर रात्र रात्र शेजारी बसून. आणि अकराव्या दिवशी तालुक्याच्या हॉस्पिटलात नेली तेव्हा नाइटच्या सिस्टरनी तिला जरा कुशीवर केलं, टॉर्च मारला आणि मला म्हणाल्या, ताई इकडे या, हे बघितलंय का तुम्ही. माकडहाडाच्या वर रुपयाएवढा काळसर डाग होता, कडेने लाल. आम्ही रोज पाठ पुसत होतो हो, पण तिथपर्यंत नीट वळवतच नव्हतो, ती ओरडायची म्हणून. माया होती म्हणूनच वळवत नव्हतो, हे मला तेव्हा कळलं आणि अजून कुठेतरी टोचतं.

त्या सिस्टरनी मग मला एक साधी गोष्ट शिकवली. टाचेवर एक लाल ठिपका होता तिथे बोट दाबलं, सोडलं, आणि म्हणाल्या पांढरं होऊन परत लाल होतंय ना, मग अजून वेळ आहे, दाबून पण लालच राहिलं तर आत नुकसान सुरू झालं समजायचं. हाड आणि गादी यांच्या मधे कातडी चेपली जाते, रक्त पोचत नाही, आणि तासन्‌तास तसंच राहिलं की आतलं मांस मरायला लागतं, वरून दिसतं तेव्हा आत आधीच बरंच झालेलं असतं. आपण निरोगी माणसं झोपेतसुद्धा सारखी कूस बदलतो म्हणून आपल्याला हे होत नाही. ज्याला बदलता येत नाही त्याची दुसऱ्या कोणीतरी बदलायची, साधारण दर दोन तासांनी, दिवसा पण आणि रात्री दोन वाजता पण चार वाजता पण.

तर हे डोक्यात ठेवून अरुणाच्या केसकडे बघायचं.

आधी थोडक्यात मागचं. अरुणा मूळची कर्नाटकातल्या हळदीपूरची, जन्म १९४८ चा, मुंबईत येऊन परळच्या केईएममध्ये नर्स झाली. कुत्र्यांवर ज्या सर्जरीच्या प्रयोगशाळेत प्रयोग चालायचे तिथे तिची ड्युटी होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून बेसमेंटमध्ये कपडे बदलायला गेली असताना तिथल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूचा ऑक्सिजन तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. वय पंचवीस, लग्न ठरलेलं. त्या माणसाला शिक्षा झाली ती जबरी चोरीची आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षं. यावर लिहायला बसले तर हा लेख दुसरीकडेच जाईल म्हणून इथेच थांबते. एवढंच सांगते की त्यानंतर मुंबईतल्या नर्सेस संपावर गेल्या होत्या, अरुणासाठी आणि स्वतःच्या सुरक्षेसाठी, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या सुनावणीत सरन्यायाधीशांना पुन्हा अरुणाचंच नाव घ्यावं लागलं. म्हणजे पन्नास वर्षांनी आपण तिथेच.

अरुणा मेली नाही, शुद्धीवरही आली नाही. डोळे उघडे, श्वास स्वतःचा, हातपाय थोडे हलायचे, तोंडातून आवाज यायचे, पण समोरच्याशी नातं जोडणारं असं काही उरलं नव्हतं. केईएममध्ये वॉर्ड नंबर ४ च्या लगतच्या खोलीत तिला ठेवलं आणि तिथे ती राहिली ती शेवटपर्यंत. नातेवाईक हळूहळू कमी होत गेले, याबद्दल त्यांना बोल लावणाऱ्यांनी आधी वर्षभर कोणाचं तरी करून बघावं असं माझं मत आहे. ऐंशीच्या दशकात महापालिकेने दोनदा तिला तिथून हलवायचा प्रयत्न केला, एक बेड सात-आठ वर्षं अडून राहिलाय हे कारण, जे कागदावर बघितलं तर अगदीच चुकीचं नव्हतं, सरकारी हॉस्पिटलात बेड म्हणजे काय असतो ते जमिनीवर गादी टाकून झोपलेल्या पेशंटला विचारा. पण केईएमच्या नर्सेस उभ्या राहिल्या, हलवू देणार नाही म्हणाल्या, आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

मग येतो तो खटला. पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात अर्ज केला की अरुणाला अन्न देणं थांबवावं, तिला शांतपणे मरू द्यावं. त्या अर्जात तिच्या शरीराचं वर्णन आहे, वाचवत नाही असं, की ती पिसासारखी हलकी झालीय, हाडं इतकी ठिसूळ की स्वतःच्याच अंगाखाली हात सापडला तरी मोडेल, कातडी सांगाड्यावर ताणलेल्या कागदाच्या लगद्यासारखी, मनगटं आत वळलेली, दात किडून गेलेले, आणि तिला बेडसोर होण्याचा धोका आहे. विराणींचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही, कोर्टालाही वाटलं नाही, उलट कोर्टाने त्यांच्या सामाजिक भावनेचं कौतुकच केलं.

हॉस्पिटलने उत्तर दिलं ते एकदम वेगळं चित्र. त्यात म्हटलंय की ती जेवण घेते, चेहऱ्यावर भाव दिसतात, आणि हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, तिला शी-शू लागली की ती विशिष्ट आवाज करते, तो आवाज नर्सेसना ओळखू येतो आणि त्या तिला टॉयलेटला नेतात.

आता दोन कागद दोन तऱ्हेचे म्हटल्यावर कोर्टाने २४ जानेवारी २०११ ला तीन डॉक्टरांची समिती नेमली, टाटाचे डॉ. दिवेटिया, हिंदुजाचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. गुरसहानी आणि सायनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. निलेश शाह. तिघांपैकी कोणीच केईएमचं नाही. आणि त्यांच्या रिपोर्टने दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं ठरवलं, म्हणून तो रिपोर्ट मला विश्वासार्ह वाटतो. मनगटं खरंच घट्ट वळलेली, गुडघेही आखडलेले, उजवा जास्त. तोंडात एकही दात नाही. अंग हडकुळं. ती समोरच्याला ओळखून, समजून काही करते असं ठामपणे म्हणता येईल असा प्रतिसाद त्यांना दिसला नाही, पर्मनंट व्हेजिटेटिव्ह स्टेटचे, म्हणजे शरीर जागं पण जाणीव कायमची गेलेली अशा अवस्थेचे, बहुतेक निकष लागू होतात असं त्यांनी लिहिलं, म्हणजे नर्सेसना जे वाटत होतं की तिला आमचं कळतं, ते डॉक्टरांच्या मापाने सिद्ध झालं नाही. पण ती स्वच्छ, नीटनेटकी, आणि कातडीवर ती ओळ.

बेडसोरचा धोका आहे, हे अर्जात. बेडसोर नाही आणि पूर्वीचाही नाही, हे रिपोर्टमध्ये. या दोन वाक्यांमधलं अंतर म्हणजे नर्सिंग. धोका तर होताच की, शंभर टक्के होता, विराणींनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तो धोका रोज होता आणि रोज कोणीतरी तो परतवून लावत होतं.

मी एकदा रात्री झोप येईना म्हणून हिशोब केला. २७ नोव्हेंबर १९७३ ते १८ मे २०१५, ज्या दिवशी ती गेली, हे होतात १५,१४७ दिवस. दिवसाला तीन शिफ्ट धरल्या तर पंचेचाळीस हजारांच्या वर शिफ्ट. दोन तासांनी कूस बदलायचा नियम काटेकोर धरला तर दिवसाला बारा वेळा, म्हणजे एकूण एक लाख ऐंशी हजारांच्या वर. आता प्रत्येक वेळी घड्याळ लावून तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही, ती थोडीफार हलायची पण, तिला उठवून बसवत पण असतील, पण साधारण अंदाज यावा म्हणून आकडा सांगितला. यातल्या किती वेळा चुकलं तर चाललं असतं? आमचं अकरा दिवसांत, म्हणजे साधारण एकशे तीस वेळांत, काम झालं होतं.

आणि हे नुसतं कूस बदलणं नाहीये. आखडलेलं शरीर तर अजून अवघड. गुडघे वाकून एकमेकांवर आले की आतली बाजू घासते, तिथे उशी ठेवायची. मनगट आत वळलं की घडीत घाम साचतो, बोटं तळव्यात रुततात, नखं लागतात, मग मुठीत गॉजचा रोल ठेवायचा, नखं कापायची, घडी उघडून पुसून कोरडी करायची, आणि हे करताना हिसका बसला तर हाड मोडायची भीती. डोकं उंच केलं तर माणूस खाली घसरतो आणि घसरताना कातडी गादीला चिकटून खेचली जाते, त्यानेही जखम होते. चादरीची एक सुरकुती पुरते. ओलं डायपर अर्धा तास जास्त राहिलं तर पुरतं. मॅकिंटॉश म्हणजे ती रबरी शीट, तिची घडी अंगाखाली आली तर पुरतं. आमच्या हॉस्पिटलातल्या त्या सिस्टर हाताने चादर अशी ताणायच्या की नाणं टाकलं तर उडेल, तेव्हा मला ती त्यांची सवय वाटली होती, शिस्तीची हौस असते तसली.

खाण्याचं तर वेगळंच. रिपोर्टप्रमाणे सप्टेंबर २०१० पर्यंत तिला तोंडाने भरवत होते, मग ताप आला, मलेरिया असावा असं निदान, खाणं कमी झालं आणि तेव्हा नाकातून राइल्स ट्यूब टाकली. म्हणजे जवळजवळ सदतीस वर्षं हाताने भरवलं! ट्यूब आधीच टाकली असती तर काम किती सोपं झालं असतं, दहा मिनिटांत फीड देऊन मोकळं. ज्याला गिळायचं कळतंय की नाही याची खात्री नाही अशा माणसाला भरवणं म्हणजे एक चमचा द्यायचा, गळ्याकडे बघायचं, उतरला का, गालात तर नाही ना साठला, मग दुसरा. घाई केली की घास श्वासनलिकेत, आणि तिथून न्यूमोनिया. आजीला वाटीभर पेज भरवायला मला पाऊण तास लागायचा आणि चौथ्या दिवसापासून माझी चिडचिड व्हायला लागली होती, खोटं कशाला बोला. अरुणाला मासे आणि चिकन सूप आवडतं, ते मिळालं की हसते, असं केईएमच्या स्टाफने डॉक्टरांना सांगितलेलं रिपोर्टमध्ये आहे. ते हसू खरं होतं की नुसती स्नायूंची हालचाल, माहीत नाही, पण ते ओळखायला कोणीतरी तोंडाकडे बघत भरवत होतं हे तर खरं ना.

इथे मला एक गोष्ट जरा जोर देऊन म्हणायचीय. आपल्याकडे नर्सचं कौतुक करायची एक ठरलेली पद्धत आहे, अमुक सिस्टर म्हणजे देवमाणूस, आईची माया, सेवेचं व्रत, आणि मग १२ मे ला, नर्सेस डेला, गुलाबाचं फूल. अरुणाच्या केसमध्ये असं एक नाव घेताच येत नाही. बेचाळीस वर्षांत जी मुलगी विशीत ड्युटीला लागली ती रिटायर होऊन जाते. म्हणजे अरुणाच्या अंगाला हात लावलेल्या नर्सेसच्या दोन पिढ्या झाल्या असणार. त्यातल्या सगळ्या काही प्रेमळ नसणार. कोणाचं घरी भांडण झालेलं असेल, कोणाची लोकल चुकली असेल, कोणाचं पोर तापाने फणफणलेलं असेल, कोणी मुळातच खडूस असेल. आणि तरी जखम नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर हे चाललं असतं तर तो माणूस पंधरा दिवस गावाला गेला की पाठीवर दिसलं असतं. मग हे कशावर चाललं? ओव्हर देण्या-घेण्यावर. शिफ्ट बदलताना बेडपाशी उभं राहून, हिची शेवटची पोझिशन डावी, आज खाल्लं कमी, उजव्या खांद्याजवळ जरा लाल दिसतंय लक्ष ठेव, असं पुढच्या बाईला सांगून घरी जाणं, आणि पुढच्या बाईने ते खरंच बघणं. मला करुणा हा शब्द इथे वापरायचा असेल तर मी तो या ओव्हरसाठी वापरेन.

केईएमचे तेव्हाचे डीन डॉ. संजय ओक यांचं निवेदन कोर्टासमोर होतं, त्यात त्यांनी सांगितलंय की नर्सिंगच्या प्रत्येक नव्या बॅचला अरुणाकडे आणून ओळख करून देतात, ही आपल्यातली होती, अजूनही आपल्यातलीच आहे असं सांगतात, आणि तिथून पुढे त्या मुली तिचं करायला लागतात. म्हणजे बघा, ओव्हर एका शिफ्टकडून दुसऱ्या शिफ्टला तशी एका बॅचकडून दुसऱ्या बॅचला. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, १९७३ साली तिचा जन्म पण नव्हता, कदाचित तिच्या आईचं लग्न पण झालेलं नव्हतं, आणि तिला सांगितलं जातं की ही आपली अरुणा. १ जूनला तिचा वाढदिवस करायच्या त्या सगळ्या.

आता याच्यात एक अडचणीचा प्रश्न आहे, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आपल्यातली होती म्हणून केलं. नसती तर? फुटपाथवरून आणून टाकलेल्या बेवारस बाईला हे मिळालं असतं का? नसतं मिळालं, असं मला वाटतं, आणि हे मी नर्सेसना दोष द्यायला म्हणत नाहीये. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष शिकाऊ हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डसाठी तीन पेशंटमागे एक नर्स असा आहे. तुम्ही कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात रात्री बारा वाजता जनरल वॉर्डात चक्कर मारा आणि मोजा. आजीच्या वॉर्डात त्या नाइटच्या सिस्टर एकट्या आणि खाटा मी मोजल्या होत्या, अडतीस, शिवाय खाली गाद्या. अडतीस जणांना दोन तासांनी वळवायचं गणित मांडा, मग कळेल की आजीकडे त्यांनी टॉर्च मारायला दिलेली ती चार मिनिटं त्या कुठून काढत होत्या. अरुणाच्या खोलीत जे झालं ते सगळ्या खाटांवर व्हायला काय लागतं हे त्या केसमुळे कळतं, आणि ते आपण देत नाही हेही कळतं. मायेची कमतरता नाहीये, माणसांची आहे.

दुसरा आक्षेप असा घेतला गेला, आणि अजून घेतला जातो, की नर्सेसनी भावनेपोटी तिला उगाच जगवत ठेवलं. मला स्वतःला विचाराल तर माझ्यावर अशी वेळ आली तर मला बेचाळीस वर्षं नकोत, बेचाळीस दिवसही नकोत, २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने लिव्हिंग विलची, म्हणजे अशी वेळ आली तर उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायची, सोय झालीय आणि मी ते करून ठेवायचं म्हणतेय. त्यामुळे विराणींचं म्हणणं मला परकं वाटत नाही. पण अरुणाला जगवायचं की नाही हा प्रश्न नर्ससमोर शिफ्टच्या सुरुवातीला असा येतच नाही. समोर एक बाई आहे, जिवंत आहे, तिची चादर ओली आहे. त्या बाईने कधी मरावं याचा निकाल दिल्लीत लागायचा तेव्हा लागेल, चादर आत्ता बदलायची आहे. हे दोन प्रश्न आपण बाहेर बसलेले लोक एकत्र करतो कारण आपल्याला चादर बदलायची नसते.

७ मार्च २०११ ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. विराणींचा अर्ज फेटाळला. त्याच निकालात हायकोर्टाच्या परवानगीने उपचार थांबवायची, म्हणजे पॅसिव्ह युथनेशियाची वाट मोकळी करून दिली, देशभर चर्चा झाली ती त्याची. पण निकालाचा गाभा मला वाटतं दुसरीकडे आहे. कोर्टासमोर प्रश्न होता की अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क कोणाला, कायद्याच्या भाषेत तिचा नेक्स्ट फ्रेंड कोण. आईवडील नाहीत, जवळचं कोणी येत नाही. विराणींनी तिच्यावर लिहिलं, तिच्यासाठी झगडल्या, अधूनमधून भेटल्या. आणि केईएमच्या स्टाफने रात्रंदिवस तिचं केलं. कोर्टाने हा मान स्टाफला दिला, हेच तिचं खरं कुटुंब असं म्हटलं, आणि वर हेही लिहून ठेवलं की पुढे कधी त्यांचं मन बदललं तर त्यांनी मुंबई हायकोर्टात अर्ज करावा. म्हणजे दार त्यांच्यासाठी उघडं ठेवलं होतं. पुढची चार वर्षं ते दार कोणी ढकललं नाही. निकाल आला त्या दिवशी केईएममध्ये नर्सेसनी पेढे वाटले, त्यावर पण काही लोकांनी नाकं मुरडली होती, मरणाच्या अर्जावर काय पेढे वाटायचे म्हणून. ज्यांनी तिच्या नखांपासून सगळं केलं त्यांनी वाटले, आपण कशाला बोला.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात जमली नाही, ती म्हणजे ती मनगटं आणि गुडघे. कॉन्ट्रॅक्चर, म्हणजे सांधे कायमचे आखडून बसणं, झालेच. नर्सिंगची हद्द तिथे संपत असेल, फिजिओचा, स्प्लिंटचा, त्या काळात काय उपलब्ध होतं याचा प्रश्न असेल, मी डॉक्टर नाही, मेंदूला एवढी इजा झाल्यावर स्नायू आखडतातच असंही वाचलंय. पण केस म्हणून लिहायची तर हेही लिहायला हवं, नाहीतर ती पोथी होते.

मे २०१५ मध्ये तिला न्यूमोनिया झाला, आयसीयूत हलवलं, काही दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि १८ मे ला सकाळी ती गेली. बघायला, निरोप द्यायला नर्सेसची रीघ लागली होती, रिटायर झालेल्या पण आल्या होत्या. भोईवाड्याच्या स्मशानात अंत्यसंस्कार झाले, नातेवाइकांच्या बरोबर केईएमच्या डीननी अग्नी दिला. टीव्हीवर ते बघत असताना आई एकदम म्हणाली, अगं त्या बायकांना उद्यापासून चुकल्याचुकल्यासारखं होईल बघ, हाताला सवय असते. आजी, म्हणजे आईची आई, नंतर गेली, तेव्हा आईलाही रात्री दोन वाजता जाग यायची, बरेच दिवस.

हो, आजीचं सांगायचं राहिलं. शेवटी ऑपरेशन झालं नाही, पण जखम भरली. त्या सिस्टरनी आईला ड्रेसिंग शिकवलं, पोझिशन द्यायला शिकवलं, घरच्या घडीच्या चादरीची ड्रॉशीट, म्हणजे अंगाखाली घालून पेशंटला उचलायची आडवी चादर, करून दोघींनी मिळून उचलायचं कसं, ओढायचं नाही, उचलायचं, हे चार वेळा करून दाखवलं, आम्ही एअर बेड भाड्याने आणला, स्वयंपाकघरात कॅलेंडरवर आई दोन-दोन तासांच्या खुणा करायची, डा. उ. डा. उ. अशा. डिस्चार्जच्या दिवशी मी मिठाईचा बॉक्स घेऊन गेले तर त्यांची ड्युटी बदलली होती, दुसऱ्याच सिस्टर होत्या, त्यांनी आधी ओव्हरच्या वहीत बघितलं आणि मग मला विचारलं, माकडहाडाची जखम ना, टाच कशी आहे आता? टाच बरी होती. जखम भरायला साडेचार महिने लागले आणि व्रण राहिला, रुपयाएवढा, पांढुरका, आजी गेली तेव्हा अंघोळ घालताना शेवटचा बघितला.